बुरशी : छत्री नव्हे, धागा

भिंगवाला

पाच-सहा वर्षं कपाटात पडून असलेली दुर्बीण परवा बाहेर काढली. डोळ्याला लावली तर सगळं धुरकट. भिंग पुसलं, फुंकर मारली, परत पुसलं. ढिम्म फरक नाही. शेवटी ती उलटी धरून आत टॉर्च मारला तेव्हा कळलं. पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला, कडेजवळ, टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका आणि त्यातून सगळीकडे फुटलेले पांढुरके धागे. धाग्यांना फाटे, फाट्यांना आणखी फाटे. काचेवर कुणी नदीचा नकाशा कोरावा तसं. चांगली वस्तू हातची गेली म्हणून चिडचिड झालीच, पण पुढची दहा मिनिटं टॉर्च धरून मी ते बघत बसलो हेही खरं. म्हणून हा लेख.

बुरशी म्हटलं की पावावरचा हिरवा थर नाहीतर कुत्र्याची छत्री डोळ्यांसमोर येते. ही दोन्ही तिची चार दिवसांची रूपं. एरवीचा देह म्हणजे माझ्या भिंगावर दिसला तो धागा. भूछत्र हे नुसतं फळ. त्याचं झाड जमिनीत किंवा लाकडात पसरलेलं असतं आणि ते आपल्याला दिसत नाही. पुस्तकात या धाग्याला कवकतंतू म्हणतात आणि जाळ्याला कवकजाल. मी आपला धागा आणि जाळंच म्हणणार आहे.

हा धागा म्हणजे एक नळी. जाडी साधारण २ ते १० मायक्रोमीटर. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा. नळीची भिंत कायटिनची, म्हणजे झुरळाची पाठ आणि खेकड्याचं कवच ज्याने टणक होतं तोच पदार्थ. आत पाणी असं दाबून भरलेलं की नळी हवा भरलेल्या ट्यूबसारखी कायम ताठ. वाढ होते ती फक्त टोकाला. तिथे भिंत अजून मऊ असते, आतून सूक्ष्म पिशव्यांमधून भिंतीचा नवा माल येत राहतो, दाबाने टोक पुढे सरकतं आणि मागची भिंत घट्ट होते. मागचा भाग जागचा हलत नाही. बुरशीला पाय नाहीत, पण ती वाढत वाढत जाऊन पोचते.

तोंड नाही, पोट नाही, मग खाते कशी? कोट उलटा करावा तसं आपलं आतडं उलटं करून अंगाबाहेर आणलं तर काय होईल, ते म्हणजे बुरशी. धाग्याच्या टोकाजवळून ती विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडते. समोरच्या लाकडाचं, पानाचं, पावाचं तिथल्या तिथे पचन होतं आणि झालेला रस भिंतीतून आत ओढला जातो. बारीक असणं आणि फाटे फुटणं यामागचं कारणही हेच: जितका पृष्ठभाग जास्त तितकं अन्न जास्त.

मग काचेवर ती काय खात होती? काच नाही. भिंगावर धुळीचे सेंद्रिय कण असतात, वंगणाचा सूक्ष्म थर असतो, कधीकाळी लागलेल्या बोटाचा तेलकटपणा असतो. कपाटातली दमट हवा पाण्याची सोय करते. एवढ्यावर तिचं भागतं. पण खाताना ती आम्लंही सोडते, आणि त्यांनी भिंगावरचा लेप कोरला जातो. हे माझ्या खिशाला लागलेलं जीवशास्त्र.

आता आकार. एका बिंदूतून निघालेले धागे सगळीकडे सारख्याच वेगाने वाढले की गोल तयार होतो. मधलं अन्न संपतं, तिथली बुरशी मरगळते, ताजी वाढ कडेला. म्हणजे कडं. पावावरचा डाग गोल असतो तो म्हणून. गवतात भूछत्रांची गोल रांग उगवते ती म्हणून. आणि नायटा कडेने लाल आणि मधून बरा झाल्यासारखा दिसतो, तोही असाच कडेने वाढत जातो म्हणून. हे तिन्ही एकाच गणिताचे नमुने आहेत हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी घरात सगळ्यांना पकडून पकडून सांगितलं होतं. कुणी फारसं प्रभावित झालं नाही.

बुरशी वनस्पती नाही. पूर्वी वनस्पतिशास्त्राच्याच पुस्तकात तिचा धडा असायचा. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकरने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या तेव्हा तिला स्वतःचं घर मिळालं. ती सूर्यप्रकाशावर अन्न बनवत नाही, पेशीभित्तिकेत सेल्युलोजऐवजी कायटिन, आणि साठवण स्टार्चची नाही तर ग्लायकोजेनची, जशी आपल्या यकृतात असते तशी. जनुकं वाचता यायला लागल्यावर पक्कं झालं की बुरशीचं जवळचं नातं झाडांशी नसून प्राण्यांशी आहे. कायट्रिड नावाच्या पाण्यातल्या बुरश्यांचे बीजाणू, म्हणजे बीसारखे सूक्ष्म कण, मागच्या बाजूच्या एकाच शेपटीने पोहतात, अगदी शुक्राणूसारखे.

बीजाणू घरी बघायचे असतील तर सोपं आहे. उमललेल्या भूछत्राचा दांडा कापा, टोपी पालथी म्हणजे तिच्या आतल्या पातळ पडद्यांची बाजू खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर पेला उपडा घाला. सकाळी टोपी उचलली की पडद्यांचा हुबेहूब ठसा दिसतो, जणू चाकाच्या आऱ्या. त्या भुकटीतला एकेक कण म्हणजे एक बीजाणू. ते नुसते गळत नाहीत, उडवले जातात. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब फुगतो, तो शेजारच्या पाण्याच्या पापुद्र्याला टेकला की क्षणात मिसळून जातो आणि त्या झटक्याने बीजाणू सुटतो. झेप एक मिलिमीटरही नसते. मुद्दाम नसते, जास्त जोर लागला तर तो समोरच्या पडद्यावर आपटेल.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. आणि दुर्बिणीवर इलाज माहीत असेल तर कृपया सांगा.

उंटावरचाशहाणा

धाग्यावर धागा काढल्याबद्दल अभिनंदन. लेख कडेने ताजा आणि मधून मरगळलेला नाही, तेव्हा ही बुरशी नसावी.

गवतफुला

वाचनखूण साठवली. आजच कागद-पेला प्रयोग लावलाय.
एक शंका. यीस्ट पण बुरशीच ना? मग तिचे धागे कुठे असतात?

भिंगवाला

गवतफुला, यीस्ट ही धागा सोडून दिलेली बुरशी. एकेकटी गोल पेशी, तिला बाजूला कोंब येतो, कोंब मोठा होऊन तुटतो, झाली दुसरी पेशी. साखरेच्या पाण्यात बसून राहायचं असेल तर कुठे पोचायची गरजच नाही, मग नळी कशाला? काही बुरश्या दोन्ही वेश बाळगून असतात. कँडिडा अल्बिकन्स परिस्थिती बघून गोल पेशी होते किंवा धागा, आणि आपल्या ऊतींत घुसताना धाग्याचं रूप घेते.

पावाची यीस्ट शास्त्रज्ञांची भलती लाडकी. १९९६ मध्ये तिचा पूर्ण जीनोम वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांमधला तो पहिला. साधारण ६,००० जनुकं, १६ गुणसूत्रं. पेशीविभाजन कसं आवरलं-सावरलं जातं यातलं पुष्कळसं आपण आधी यीस्टमध्ये शिकलो आणि मग माणसात शोधलं.

बांधावरून

लेख चांगला आहे पण आमच्याकडे बुरशी म्हणजे शत्रूच. तांबेरा, काणी, भुरी, करपा, केवडा, सगळे पिकांवरचे रोग. नावं घ्यावीत तेवढी थोडी. पान वरून गुळगुळीत, मेणचट असतं, त्यातून हा एवढासा धागा आत शिरतो कसा ते सांगा. विकरांनी भोक पाडतो का?

भिंगवाला

दादा, फार नेमकं विचारलंत. विकरं वापरणाऱ्या आहेत, पानाच्या श्वासरंध्रातून गुपचूप आत जाणाऱ्याही आहेत. पण भातावरच्या करप्याची बुरशी सरळ दांडगाई करते. बीजाणू पानाला चिकटतो, छोटा धागा काढतो आणि टोकाला घुमटासारखी एक पेशी तयार करतो. त्या घुमटाच्या भिंतीत मेलॅनिनचा थर बसतो, आपल्या केसांतल्या काळ्या रंगाच्याच जातीचा. मग आत ग्लिसरॉल साठवलं जातं, त्याच्या ओढीने पाणी आत येतं, पण मेलॅनिनमुळे ग्लिसरॉल बाहेर पडू शकत नाही. दाब चढत चढत ८ मेगापास्कलपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या तीस-चाळीस पट. आणि हा सगळा दाब घुमटाच्या तळाच्या एका सुईसारख्या खुंटीवर. ती पानात ठोकली जाते.

म्हणून मेलॅनिन बनू न देणारी औषधं या करप्यावर चालतात. ट्रायसायक्लाझोल त्यातलंच. ते बुरशीला मारत नाही, तिची हवा काढून घेतं.

गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचं तर काय सांगावं. एका जीवनचक्रात पाच प्रकारचे बीजाणू आणि दोन यजमान: गहू आणि बार्बेरी नावाचं झुडूप. बार्बेरीवर लैंगिक मीलन, गव्हावर बेसुमार वाढ.

आणि तुमच्या यादीतून एक नाव मी काढणार आहे. केवडा बुरशी नाही.

बांधावरून

काय सांगता! फवारणी तर बुरशीनाशकाचीच करतो.

उंटावरचाशहाणा

आयर्लंडचा बटाट्याचा दुष्काळ पण बुरशीनेच पडला होता ना? शाळेत तसंच लिहून गुण मिळवलेत. आता परत करणार नाही.

भिंगवाला

दोघांना एकत्र उत्तर. केवड्याचा कारक आणि १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा कुजवणारा फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हे दोघे ऊमायसीट गटातले. धागे आहेत, बीजाणू आहेत, बाहेरच्या बाहेर पचन आहे, दिसायला बुरशीच. पण भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची, आणि गोत्र समुद्रातल्या तपकिरी शैवालांचं. एकाच धंद्याला लागलेल्या दोन परक्या घराण्यांनी एकच अवजार शोधलं. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. गुण राहू द्या, त्या काळच्या बहुतेक शास्त्रज्ञांनाही रोगाचं कारण पटत नव्हतं. कुजल्यामुळे बुरशी आली, बुरशीमुळे कुजलं नाही, असंच त्यांचं म्हणणं.

बांधावरून, हा फरक तुमच्या खिशालाही लागतो. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचा मेदासारखा पदार्थ असतो आणि बरीच बुरशीनाशकं त्यावरच नेम धरतात. ऊमायसीट ते स्वतः बनवतच नाहीत. तेव्हा अर्गोस्टेरॉलवर नेम धरणारं, भुरीवर चालणारं ट्रायझोल केवड्यावर फुकट जातं. केवड्यासाठी मेटॅलॅक्सिलसारखी वेगळी औषधं लागतात ती म्हणून.

बांधावरून

हे लेबलवर वाचत होतो, कारण आज कळलं. आभारी आहे.

नाडीपरीक्षा

अर्गोस्टेरॉलचा विषय निघालाच आहे तर डॉक्टर म्हणून भर घालते. जिवाणूवरची औषधं ढिगाने आहेत आणि बुरशीवरची हाताच्या बोटांवर मोजावीत इतक्या गटांत, त्याचं मूळ भिंगवाल्यांनी सांगितलेल्या नात्यातच आहे. जिवाणूची पेशी आपल्याहून इतकी निराळी की मारायला जागा सापडतात. बुरशीची पेशी आतून आपल्यासारखीच. तिला घाव घालायला गेलं की आपल्याला लागतो. जिथे ती वेगळी आहे तिथेच नेम: अर्गोस्टेरॉल (आपल्याकडे त्या जागी कोलेस्टेरॉल) आणि भित्तिका. अँफोटेरिसिन हे औषध अर्गोस्टेरॉलला घट्ट धरतं पण थोडंफार आपल्या पटलांनाही, म्हणून मूत्रपिंडांवर डोळा ठेवून द्यावं लागतं.

आपलं नशीब एवढंच की बहुतेक बुरश्यांना ३७ अंश तापमान सोसत नाही. कातडीवर, नखात, जिथे जरा थंड तिथे त्या रमतात. रक्तात शिरून वाढणाऱ्या थोड्या, आणि त्याही सहसा प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसात.

नायट्याबद्दल कळकळीने: खाज थांबली म्हणून मलम आठवड्यात बंद करू नका. धागे अजून असतात. आणि स्टेरॉइड मिसळलेली मलमं स्वतःच्या मनाने लावू नका. लाली जाते, बुरशी मजेत पसरते, आणि भिंगवाल्यांचं ते सुंदर कडंही पुसलं जातं. मग आमची ओळखायची पंचाईत.

रानवारा

मस्त धागा. जंगलात फिरताना कुजलेले ओंडके दोन प्रकारचे दिसतात. काही तपकिरी, विटांसारख्या चौकोनी तुकड्यांत फुटलेले, हातात भुगा होणारे. काही पांढरे, मऊ, दोऱ्यादोऱ्यांचे. हा झाडाचा फरक की बुरशीचा?

दुसरं, झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना खाऊ घालतं, हे खरं आहे का?

भिंगवाला

मुख्यतः बुरशीचा. लाकूड म्हणजे सेल्युलोजच्या दोऱ्या आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. तपकिरी कुजीची बुरशी दोऱ्या खाते आणि तपकिरी लिग्निन तसंच टाकते, म्हणून विटा. पांढऱ्या कुजीची बुरशी लिग्निनही फोडते. हे फार थोड्या सजीवांना जमतं. लिग्निनची रचना इतकी वेडीवाकडी की कुठलंही विकर त्यात नीट बसत नाही, म्हणून या बुरश्या अतिक्रियाशील रेणू सोडून त्याला जवळजवळ जाळतातच. ओंडके पडतात आणि डोंगर साचत नाहीत, यात त्यांचा मोठा हात.

दुसऱ्या प्रश्नाला दोन भागांत उत्तर देतो, कारण इथे लोक भावुक होतात.

पक्का भाग: बहुसंख्य झाडांच्या मुळांशी बुरशीची भागीदारी असते. बुरशी फॉस्फरस, नायट्रोजन, पाणी आणून देते, झाड साखर आणि चरबी देते. मूळ जिथे शिरू शकत नाही त्या फटीत धागा शिरतो, एवढं साधं कारण. ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या जीवाश्मांत मुळं नसलेल्या आद्य वनस्पतींच्या पेशींमध्ये अशी बुरशी दिसते. मुळं फुटायच्या आधीपासून ही भागीदारी आहे.

कच्चा भाग: १९९७ मध्ये वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण लावलेला कार्बन बर्चच्या रोपातून डग्लस फरच्या रोपात गेल्याचं दाखवलं. प्रयोग चांगला होता. पण त्यावरून 'आई झाड' आणि 'बोलणं' इथपर्यंतची उडी मला पटत नाही. कार्बन जाळ्यातून गेला की मातीतून, किती गेला, घेणाऱ्याला त्याचा उपयोग झाला का, हे खऱ्या जंगलात दाखवणं महाकठीण आहे. आणि या गोष्टीत बुरशीला सगळे नुसती तार समजतात याचा मला राग येतो. तिचा स्वतःचा काही स्वार्थ असेल की नाही?

गवतफुला

ठसा आला!! चॉकलेटी रंगाचा, आऱ्या अगदी मोजता येतील अशा. काळ्या अर्ध्यावर काहीच दिसत नाहीये, पांढऱ्यावर झकास. म्हणून दोन रंगांचा कागद होय!

आता शेजारचे आजोबा सांगतात की भूछत्र शिजवताना चांदीचा चमचा घालायचा, काळा पडला तर विषारी.

भिंगवाला

हो, पांढरे बीजाणू असते तर उलटं झालं असतं. ओळख पटवायला ठशाचा रंग फार कामाचा.

चमच्याचं साफ खोटं आहे, आणि जीव घेणारं खोटं आहे. 'किडे खातात म्हणजे चालेल', 'साल निघाली म्हणजे चालेल', सगळं त्यातलंच. अमॅनिटा फॅलॉइडिस नावाचं भूछत्र, ज्याला डेथ कॅप म्हणतात, चवीला चांगलं लागतं असं खाऊन वाचलेलेच सांगतात. त्यातलं अमॅनिटिन शिजवून जात नाही. पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. पेशीत डीएनएवरून आरएनए लिहिणारं यंत्रच ते विष बंद पाडतं. आजोबांना नमस्कार सांगा आणि चमचा फक्त वाढायला वापरा.

नाडीपरीक्षा

+१. 'बरं वाटतंय' म्हणून दवाखान्यातून घरी जायचा हट्ट धरतात, तोच दिवस घातक असतो.

उंटावरचाशहाणा

शत्रू झाला, विष झालं. पेनिसिलिनबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

भिंगवाला

१९२८, फ्लेमिंग, उघडी राहिलेली बशी, सगळ्यांना पाठ आहे म्हणून. मागाहूनची गोष्ट कमी सांगितली जाते: त्याच्या बुरशीतून औषध अगदी थेंबथेंब निघायचं. भरघोस देणारी बुरशी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरियात एका सडक्या खरबुजावर मिळाली, आणि पुढचं उत्पादन तिच्या वंशावर उभं राहिलं.

बुरशी असली रसायनं का बनवते, याचं मला पटलेलं कारण परत उलट्या आतड्याशी येतं. अन्न बाहेर पचवायचं म्हणजे वाढलेलं ताट रस्त्यावर ठेवण्यासारखं. शेजारचे जिवाणू आयता रस ओरपणार. मग त्यांची भित्तिका बांधणं बंद पाडणारं काहीतरी ताटाभोवती शिंपडलेलं बरं. कोलेस्टेरॉल उतरवणारं लोव्हास्टॅटिन आणि अवयवरोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन हीसुद्धा बुरशीचीच देणगी.

रानवारा

शेवटचं विचारतो. हे जाळं जास्तीत जास्त केवढं होतं? आणि मरतं कधी?

भिंगवाला

अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये मॅलूर जंगलात आर्मिलेरिया ऑस्टोयी या बुरशीचं एक जाळं सुमारे ९.६ चौरस किलोमीटरवर पसरलंय. ठिकठिकाणचे नमुने घेऊन जनुकं ताडून पाहिली, सगळं एकच. वय वाढीच्या वेगावरून काढलेलं, निदान दोन हजार वर्षांच्या आसपास. वरून बघाल तर फक्त मरणारी झाडं आणि मोसमात मधाच्या रंगाची थोडी भूछत्रं. मरण्याचं म्हणाल तर ठरलेलं आयुष्य असं दिसत नाही. मध्ये अन्न संपलं तर जाळं तुटतं, आणि तुटलेले तुकडे आपापल्या वाटेने वाढत राहतात.

गवतफुला

पण दुर्बिणीचं काय झालं? इलाज कुणीच सांगितला नाही.

भिंगवाला

एका जाणकाराकडून उघडून घेतली. त्याने भिंग अल्कोहोलने पुसून दिलं, धागे सगळे निघाले. पुन्हा कपाटात कोंडायची नाही, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवायची, अशी तंबीही दिली. फक्त जिथे जाळं होतं तिथे लेप कोरला गेलाय, तो आता तसाच राहणार. झाडीत पक्षी बघताना काही जाणवत नाही. मोकळ्या आभाळाकडे रोखली की उजव्या कडेला ती नदी अजून दिसते.